सिमेंटचा गिलावा

खमीस गवंड्याने छन्नीवर दोनच ठोके दिले आणि सिमेंटचा हातभर पोपडा भिंतीपासून सुटून खाली पडला. मागचा दगड त्याने बोटाने दाबून पाहिला. बोट आत गेलं.

ट्यूनिसच्या जुन्या पेठेतलं घर. अंगणाखालच्या टाक्याचं पाणी भिंतीच्या पायात झिरपत होतं आणि बाहेर वाट न मिळाल्याने भिंतीतून छातीइतकं वर चढलं होतं. दगडाची ओली माती झाली होती.

घराची मालकीण, लेल्ला मनूबिया, म्हणजे मनूबियाबाई, दारात खुर्ची टाकून बसली होती. "टाकं आधीही झिरपायचं," ती म्हणाली. "सासऱ्यांच्या वेळी भिंतीला चुना होता. थंडीत ओल यायची, उन्हाळ्यात वाळून जायची."

"चुन्यातून ओल बाहेर पडते."

"मग सिमेंट कशाला लावतात, मिस्त्री?"

खमीसने पुढच्या पोपड्याला छन्नी लावली. चोवीस वर्षांपूर्वी याच खोलीत तिच्या नवऱ्याने, तिजानीने, चुन्याचाच हट्ट धरला होता. चुना मुरवायला पंधरा दिवस. सिमेंटचं काम दोन दिवसांत हातावेगळं होणार होतं. 'म्हाताऱ्यांसारखं काय बोलता,' म्हणून खमीसने त्याला हसण्यावारी नेलं होतं. लेल्ला मनूबिया तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती.

कोपऱ्यात नुसती खाट होती, गादी नव्हती.

"तिजानीभाई इथेच झोपायचे?"

"नऊ हिवाळे. गुडघे गेलेले, जिना चढवत नव्हता. भिंतीला फुटलेला खारा लोणा उशीवर झडायचा. डॉक्टर म्हणाले, ही ओल त्यांच्या छातीत उतरलीय, खोली बदला. खाली दुसरी खोली आहे कुठे? गेल्या थंडीत खोकून खोकून गेले."

खमीसने छन्नी खाली ठेवली. "लेल्ला, हा गिलावा माझ्या हातचा आहे."

"माहीत आहे. म्हणून तर तुम्हांलाच बोलावलं." तिचा आवाज चढला नाही. "त्यांनी तुम्हांला कधी बोल लावला नाही. म्हणायचे, चूक माझी, मी त्याचं ऐकलं."

खमीस म्हणाला, "सगळं उकरून काढतो. दगड बदलतो, चुन्यात करून देतो. मजुरी नको मला."

"मजुरी घ्यायची," लेल्ला मनूबिया म्हणाली. "रोजच्या रोज, माझ्या हातून. फुकट करून दिलंत तर तुम्ही मोकळे व्हाल."