छापील पुरावा

१९४१ साली आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत निघायचा होता. त्यात आपलं नाव यावं, एवढंच अंथरुणाला खिळलेल्या आप्पांचं मागणं होतं. बत्तीस वर्षांपूर्वी त्यांनी एका विधवेशी, म्हणजे माझ्या आईशी लग्न केलं आणि खडेबाजारातल्या अण्णांच्या, माझ्या आजोबांच्या घराचं दार त्यांना कायमचं बंद झालं.

कुलवृत्तांताचे संपादक माझे सख्खे काका. ते म्हणाले, "मला ठाऊक आहे गं विनोदिनी, चिंतामणी माझाच भाऊ. पण समितीला छापील पुरावा लागतो."

खानेसुमारीच्या पुस्तकांत माणसांचे नुसते आकडे निघाले, नावं नव्हती. मग शाळेत शिकवून सुटले की मी वाचनालयात जाऊन जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे चाळू लागले. महिन्याभरानं १९०९ च्या एका अंकात पुरावा सापडला. तो वाचून काकांनी आप्पांचं नाव यादीत घातलं.

मी घरी आल्यावर आप्पांनी विचारलं, "अण्णांनी माझं नाव छापलं होतं?"

"होय आप्पा. मुलगा म्हणूनच."



'जाहीर खबर : माझा मुलगा चिंतामणी याचा व माझा आजपासून काहीएक संबंध नाही.'