सीना मावशीची तांबडी शेळी

सीना मावशी काठी टेकत रोपवाटिकेत आली, तेव्हा दोर्तिया रानडेझीच्या ट्रेंना पाणी घालत होती. ट्रे नारिंगी फुलांनी भरून गेले होते. खाणीनं उजाड केलेल्या जमिनीवर ते लावायचे होते. ते न्यायला उद्या खाणीची गाडी येणार होती.

"तुझ्या हाताला गुण आहे गं," मावशी म्हणाली. "नाहीतर आमचा घरामागचा उतार! पाऊस एवढा चांगला झाला, पण नुसते खडक नि माती, एक फूल नाही. बघवत नाही."

दोर्तियानं झारी खाली ठेवली.

"माझ्याच शेळीनं खाल्लं. ती तांबडी. कोवळं असतानाच खुडलं असणार. तिथली तुझ्या काकांची कबर दर वर्षी या फुलांत बुडून जायची. मला राग आवरला नाही. शनिवारी कापली तिला."

गेल्या ऑक्टोबरात मावशी लेकीकडे गेली होती. थोडंच बी घ्यावं, बाकीचं वाऱ्याला सोडावं, हे दोर्तियाला शिकवलं होतं ते मावशीनंच. पण खाणीच्या साहेबांना भरगच्च ट्रे दाखवायचे होते. तिनं उतारावरचं सगळं बी ओरबाडलं. शेवटी केरसुणीनं मातीसुद्धा झाडून घेतली.

गप्प राहिली असती तरी चाललं असतं. मावशीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"मावशी, शेळीनं नाही खाल्लं."

"मग कुणी?"

"बी मी नेलं. सगळं. ही फुलं त्याचीच."

मावशी ट्रेंकडे बघत राहिली. दोर्तियाला मान वर करवेना.

"गाडी परत पाठवते," ती पुटपुटली. "साहेबांना काय ते सांगेन. सगळे ट्रे तुझ्याकडे आणते. बी धरलं की तिथंच उधळते."

"आणायलाच हवेस."

मावशी तिथल्याच पालथ्या बादलीवर बसली. दोर्तिया शिव्यांची वाट बघत उभी राहिली. पण मावशी बोलली ती अगदी हळू.

"कापताना शेळीचे पाय धरून ठेवायला शेजारचा हेंड्रिक आला होता. ती माझ्याकडेच बघत होती गं. दूध काढताना बघायची ना, तशी. आणि मी तिला चोर म्हणाले."