बावीस बाण

साडेचारला शेवटचे पाहुणे डोंगर उतरून आले आणि पेंटरची बायको त्यांच्यात नव्हती.

पेंटर पायथ्याच्या चहाच्या टपरीसमोर सकाळपासून उभा होता. नगरपालिकेने फिरायला येणाऱ्यांसाठी डोंगरावरची वाट आजच खुली केली होती आणि वाटेवरचे बावीस पिवळे बाण त्याच्या हातचे होते. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या तेव्हा कुणी मान वर करून बघितलं नाही. आज मात्र जो तो थांबून शाबासकी देत होता, आणि हा गडी ती सोडून हलायला तयार नव्हता.

"आमची ही दिसली का वर?" त्याने विचारलं. "डोक्याला निळा रुमाल. पायात माझे बूट."

"दिसल्या की," पाहुण्यांतली चष्मेवाली बाई म्हणाली. "माथ्यावर बसल्या होत्या. चला म्हटलं, तर म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे." तिने बाटलीतलं उरलेलं पाणी तोंडावर मारलं. "बाण झकास आहेत हो तुमचे. चढताना आंधळाही चुकायचा नाही. उतरतीला का नाही काढले? आम्ही आपले मोबाइलवर बघत बघत आलो."

"उतरतीला?"

रंगाचा डबा घेऊन पेंटर पायथ्यापासून चढत गेला होता. समोर दगड आला की बाण, दगड आला की बाण. बाविसावा काढला, ब्रश पुसला आणि शीळ घालत खाली आला. या डोंगरावर लहानाचा मोठा झालेला माणूस तो. उतरायला बाण लागतात हे त्याला कोण सांगणार? माथ्यावरून तीन वाटा फुटतात. एक इथे येते, दोन जुन्या खाणीच्या कड्यावर जाऊन संपतात. आणि बायको एकवीस वर्षं खिडकीतून डोंगर बघून आज पहिल्यांदा चढली होती. मोबाइल घरी चार्जिंगला लावून.

सकाळी तिने विचारलं होतं, येता का? तो म्हणाला होता, "बाण आहेत ना? मग मी कशाला?"

"येतील हो, जातायत कुठे," टपरीवाला म्हणाला. पेंटर दोनदा बसला, तीनदा उठला, अर्धा चहा सांडला आणि चढायला लागला.

प्रत्येक दगड ओलांडला की तो मागे वळून त्याची वरची बाजू बघत होता. कोरा. पुढचाही कोरा. आपल्याच कामाची त्याला आता भीती वाटू लागली होती. हाक मारायला गेला तर नाव तोंडात येईना. एकवीस वर्षांत ते घेतलं होतं कुठे?

"अगं ए!" तो ओरडला. "अगं!"

चौदाव्या दगडाच्या वर ती दिसली. दहा पावलं उतरायची, थांबायची, वळून मागच्या दगडाकडे निरखून बघायची, मग पुढची दहा पावलं. तो होता तिथे मटकन खाली बसला आणि रडला, लाज न बाळगता.

"कशी आलीस?"

"मान मोडून. मागे वळून बाण दिसला की समजायचं, वाट बरोबर. नाही दिसला तर परत वर." ती त्याच्याशेजारी टेकली. बुटातले खडे झटकले. "दोनदा चुकले. एकदा पाऊल टाकणार, तर पुढे काही नव्हतंच. खाली खाण."

भाजी महागली म्हणावं तशा आवाजात ती हे बोलत होती. पेंटरने तिचा हात घट्ट धरला.

"उद्या उजाडताच येतो. सगळ्या दगडांना उतरतीचे बाण काढतो. चुकलंच माझं."

"काढा," ती म्हणाली. "बावीस वेळा मला जा म्हणालात. एकदा तरी ये म्हणायचं होतं."