पलीकडची वायर

अकराला प्राचीचा इंटरव्ह्यू होता आणि कॉम्प्युटरला इंटरनेट नव्हतं. ढीगभर अर्ज केल्यावर आलेलं हे पहिलंच बोलावणं.

कुठल्याशा ऑफिसने भंगारात काढलेलं मशीन, वायफाय त्यात नव्हतंच. विंडोजने ते रडायचं म्हणून प्राचीने लिनक्स टाकलं होतं. समोर गगनचुंबी टॉवर झाल्यापासून लालबागच्या त्या खोलीत मोबाइलला रेंज नव्हती. राहिली वायर, आणि नेट होतं फक्त धोंडूकाकांकडे, प्लायवूडच्या पलीकडे.

एका खोलीच्या दोन झाल्यापासून प्राचीचे पप्पा राजेश आणि धोंडूकाका, दोघे भाऊ, एकमेकांशी बोलत नसत. बोलायचे ते प्राचीमार्फत. मध्ये बोटभर प्लाय, सगळं ऐकू जायचं, तरी निरोप तिच्याच तोंडून गेला पाहिजे.

"बापाक सांग, हयसून वायर देतंय," पलीकडून काका म्हणाले.

"काकांना सांग, गरज नाय आपल्याला." अडला हरी, पण राजेश कोणाचे पाय धरणाऱ्यातला नव्हता.

प्राचीचे डोळे भरले. "मला आहे ना गरज, पप्पा."

तेवढ्यात पलीकडे ड्रिल सुरू झालं. प्लायला भोक पडलं, भुसा गादीवर सांडला आणि वायर आत आली. भुसा ज्याचा त्याने झाडावा, असाही एक निरोप आला.

वायर लावली, दिवा लुकलुकला, नेट काही येईना. हलकंच काहीतरी दिलं असणार, असं राजेश पुटपुटला. तो निरोप प्राचीने गिळला. ती कमांड टाइप करत बसली, तेव्हा कुठे कळलं. मशीन अजून त्या ऑफिसच्या नेटवर्कचाच जुना आयपी नंबर धरून बसलं होतं, काकांच्या राउटरकडे नवा मागतच नव्हतं. तिने जुना पुसला. स्क्रीनवर एकाखाली एक उत्तरं यायला लागली, नेट आलं.

अकरा वाजतच आले होते. तिने केस सारखे केले, हेडफोन चढवले आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग, मॅडम."

"प्राची, बापाक इचार, लागला काय?"

तिला ऐकू गेलं नाही. काकांनी पुन्हा विचारलं, चाळभर ऐकू जाईल असं. स्क्रीनवरच्या मॅडमच्या कपाळाला आठी पडली. प्राचीने घाबरून माइक मुठीत धरला.

राजेशने तिच्याकडे पाहिलं. निरोप न्यायला कोणी नव्हतं. तो उठला, भुशात गुडघे टेकले आणि भोकाशी तोंड नेलं.

"दादा, हळू बोल," तो म्हणाला. "पोरीचा इंटरव्ह्यू चाललाय."