फुलाबाईंचा पेढा

सत्काराची शाल अंगावर पडली तसा डॉ. मृणाल केंकरे यांनी पहिला पेढा फुलाबाईंना भरवला. मधुमेहींसाठी इन्सुलिन तयार करणारी, डॉक्टरांनी शोधलेली चकती सर्वांत आधी फुलाबाईंच्याच दंडात बसवली होती. तेव्हापासून फुलाबाई बिनघोर गोड खायच्या.

पेढा जिभेला लागताच फुलाबाई भडाभडा ओकल्या.

"परवापासून असंच होतंय, डॉक्टरीणबाई," त्या ओशाळून म्हणाल्या. "लेकीनं केलेला शिरासुद्धा पोटात ठरला नाही."

व्यासपीठावरच बसलेले, चकत्या बनवणाऱ्या कंपनीचे संचालक सबनीस खूश झाले. "नवीन अपडेट! परवा सगळ्या चकत्यांना पाठवलं. गोड खाल्लं की उलटी. लोकांना शिस्त लागते."

"त्यांना विचारलंत?" डॉक्टर कडाडल्या. "अख्खी उमर घातली मी, ती यांना चार घास सुखानं खाता यावेत म्हणून. असं भर सभेत ओकायला लावायला नव्हे!"

"मॅडम, या लोकांचा जिभेवर ताबा नसतो."

"मग तुमच्याही दंडात बसवून घ्या की."

"मला काय गरज?" सबनीस हसले आणि त्यांनी पेढ्यांच्या बॉक्समधून स्वतःचा तिसरा पेढा उचलून तोंडात टाकला.