गाठीवर बोट

धुळ्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या यादवरावांची पीएचडी नवरा-बायकोच्या समाधानावर चालली होती. सायक्लोस्टाइल केलेल्या प्रश्नावलीच्या डोक्यावरच सूचना होती, 'प्रत्येकाने आपली उत्तरे स्वतः द्यावीत.' पण धरणगावकडच्या खेड्यांत बाईला काही विचारलं, की ओट्यावरून उत्तर द्यायचा तिचा नवराच. म्हणून दर रविवारी ते आपल्या बायकोला, विमलला, एसटीने सोबत नेत. ते पुरुषांना बाहेर चहापाण्यात गुंतवून ठेवत आणि विमल मागच्या दारी बसून बायकांची उत्तरं लिहून घेई.

"माले आजलगून कोनी काही इचारंच नही, वं बाई," असं झुंबरबाई नावाची एक म्हातारी विमलला म्हणाली होती.

शेवटी ठरलेल्या संख्येला एक जोडपं कमी पडलं. "आपलंच धरू," म्हणत यादवराव घरी बाहेरच्या खोलीत टेबलाशी लिहायला बसले. विमलने कणीक झाकली, हात धुतले. पहिला प्रश्न तिला पाठच होता. मनातलं बोलायला घरात कुणी आहे का? पदराला हात पुसत ती उत्तर जुळवत राहिली.

ती बाहेर आली, तेव्हा यादवराव सगळ्या कागदांच्या गठ्ठ्याला सुतळी आवळत होते.

"माझा कागद?"

"भरला की मी. तुझं काय मला ठाऊक नाही? ये, जरा गाठीवर बोट धर."

 

तिनं धरलं.