बिनछत्रीचं बटण

दाराची मूठ साहेबांच्या हातात आली. नुसती मूठ. दार होतं तिथेच राहिलं.

साहेबांनी मुठीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि शेवटी छत्रीकडे पाहिलं. जगात कुठेही काही मोडलं की आधी छत्रीकडे पाहायची त्यांना सवयच होती.

छत्री म्हणजे कंपनीतला सर्किटं आखणारा. यंत्राला ठिणगीपासून वाचवणारा तिळाएवढा भाग बसवल्याशिवाय हा गडी कुठलंही यंत्र दाराबाहेर सोडत नसे, म्हणून सगळ्यांनी त्याला हे नाव दिलं होतं. आत्ताही त्याच्या मनगटाला पट्टा होता आणि पट्ट्याची तार टेबलाला जोडलेली. अंगातली वीज गुपचूप जमिनीत जावी म्हणून. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, दावणीला बांधलाय.

"फोन लाव कुणाला तरी," साहेब म्हणाले.

"इथून लागत नाही, साहेब."

खोली खालपासून छतापर्यंत तांब्याच्या पत्र्याने मढवलेली. बाहेरची रेडिओलहर आत नाही, आतली बाहेर नाही. रेडिओची यंत्रं तपासायची तर अशीच जागा लागते. तिचे सांधे छत्रीने स्वतः बुजवले होते, आणि असे बुजवले होते की बाहेर कुणी आठवण काढली तर आतल्या माणसाला उचकीसुद्धा लागू नये.

साहेबांनी तरीही फोन उंच धरून चारी कोपरे पालथे घातले. मग दारावर बुक्के मारले. मग ओरडले. साहेब तळमजल्यावर शिंकले तर तिसऱ्या मजल्यावरची माणसं कामाला लागत, असा तो आवाज; पण आज कामाला लागायला कुणी नव्हतंच. शनिवारची दुपार, पुढे सुट्टी. फाटकावर रखवालदार तेवढा होता. बोलावल्याशिवाय त्याने फाटक सोडायचं नाही, हा साहेबांचाच हुकूम.

साहेब प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. उठले. पुन्हा बसले. अंगात सुळसुळीत निळं जाकीट, पायांत जाड रबरी तळाचे बूट. हवा इतकी कोरडी की बोलता बोलता ओठ फुटावेत.

"सुटलो की पहिला फोन कारखान्याला," ते म्हणाले. "आजच माल लावायला सांगतो. तुझी ती तिळाएवढी छत्री काढली आणि पल्ला बघ कसा वाढला! दारात कुत्रा बांधायचा आणि मग म्हणायचं, पाहुणे का येत नाहीत."

माल म्हणजे गळ्यात अडकवायचं बटण. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. पडलं-झडलं तर दाबायचं, मुलाच्या घरी घंटा वाजते. नमुन्याचं एकुलतं एक बटण टेबलावर पाठ उघडी टाकून पडलं होतं. आज संध्याकाळी छत्री तो तिळाएवढा भाग परत बसवून ते स्वतःच्या आईच्या गळ्यात घालणार होता. मागच्या महिन्यात ती न्हाणीघरात पडली आणि अंधार होईस्तोवर हाका मारत राहिली. शेजारी टीव्ही चालू होता.

"साहेब, म्हातारं माणूस लोकरी शाल घेतं. शाल काढली, तोच हात बटणाला लागला, की ठिणगी..."

"त्या ठिणगीने विडी तरी पेटते का रे?"

"चिप मरते."

"तू आहेस तोवर सगळंच मरायला टेकलेलं असतं!"

छत्रीने भिंतीकडे तोंड फिरवलं. आणि नेमकं तेव्हाच त्याला सुटकेचा रस्ता दिसला.

भिंतीत तार लावायचा एक जोड होता. पलीकडून त्याची तार थेट गच्चीवरच्या अँटेनाला जात होती. पल्ला तपासायला सकाळीच फाटकावर घंटा ठेवली होती आणि रखवालदाराला सांगितलं होतं, वाजली की वर येऊन सांग. बटणाची तार त्या जोडाला लावली, बटण दाबलं, की काम फत्ते. दार उघडेल. साहेब बाहेर पडतील. आणि फोन कारखान्याला.

त्याने सुस्कारा सोडला. आई दाराकडे डोळे लावून बसली असेल.

"एक उपाय आहे," तो म्हणाला, आणि त्याने सांगितला.

"मग इतका वेळ अंडी उबवत होतास? दे इकडे!"

साहेब खुर्चीतून उसळले. जाकीट खुर्चीवर खरडत सळसळलं. त्यांचा हात बटणाच्या उघड्या तारेकडे निघाला. 'थांबा, आधी भिंतीला हात लावून अंगातली वीज उतरवा,' एवढंच म्हणायचं होतं. वाक्य छत्रीच्या दातांपर्यंत आलं आणि तिथेच बसलं.

टिक.

"आई गं!" साहेबांनी बोट झटकलं. मग स्वतःच तार जोडाला लावली आणि बटण दाबलं. बटणावरचा लाल दिवा लागला. "गेला निरोप! बघ, दिवा लागला."

छत्री टेबलावरच्या पडद्याकडे पाहत होता. बटण दाबलं की तिथे लहरीचा डोंगर उभा राहायचा. आता नुसता सपाट माळ होता.

"दिवा लागला," तो म्हणाला. "निरोप नाही गेला."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. मग आपल्या बोटाकडे.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"उन्हाळ्यापासून बोलतोय, साहेब."

साहेब भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसले, फरशीवरच. बटण त्यांनी दोन्ही हातांत धरलं आणि दाबलं. कान दाराकडे लावला. पुन्हा दाबलं.

दिवा दर वेळी मोठ्या इमानाने लागत होता.